वडील ८४ वर्षांचे, वर्षात दुसऱ्यांदा न्यूमोनिया. आता सुधारत आहेत, तरी डॉक्टर 'पुढच्या उपचारांबद्दल बोलून ठेवा' म्हणतात. त्यांनी आशा सोडली आहे का?

नाही. मी वृद्धांच्या वॉर्डात डॉक्टर आहे आणि हा विषय मी मुद्दाम अशाच वेळी काढते. ताप उतरलाय, पेशंट स्वतः बोलू शकतोय, ही वेळ सोन्यासारखी असते. पुढच्या खेपेला धाप लागलेली असताना मध्यरात्री हाच प्रश्न मुलांना विचारावा लागतो आणि भावंडांत वाद होतात.

वय झालेल्या, थकलेल्या शरीरात इन्फेक्शन बरं होतं, पण अंथरुणात पडून राहिल्याने पायांतली ताकद जाते आणि ती सगळी परत येईलच असं नाही. म्हणून वयापेक्षा, आजारी पडायच्या आधी ते एकटे अंघोळ करायचे का, जिना चढायचे का, हे आम्ही जास्त बारकाईने विचारतो.

आता तुमचं काम. 'व्हेंटिलेटर लावायचा का?' असं वडिलांना विचारू नका, त्यावर माणूस काय सांगणार! २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात गंभीर आजार असलेल्या, साठी ओलांडलेल्या २२६ जणांशी बोलले होते. फारसा त्रास न होता पूर्वीसारखं होता येणार असेल तर उपचार जवळजवळ सगळ्यांनाच हवे होते. जीव वाचेल पण बुद्धी पार अधू होईल, म्हटल्यावर सुमारे ८९ टक्के लोक नको म्हणाले. म्हणजे माणूस उपचार निवडत नाही, नंतरचं जगणं निवडतो. तेच विचारा: बाबा, घरी गेल्यावर काय करता आलंच पाहिजे? कशाची धास्ती वाटते? माझे एक पेशंट म्हणाले होते, "खुर्चीत बसून पेपर वाचता आला पाहिजे. तेवढं होणार असेल तर सुया टोचा हव्या तेवढ्या." त्या एका वाक्यावर आम्हाला पुढचे कितीतरी निर्णय घेता आले.

बोलायला सकाळी बसा. संध्याकाळी अशा पेशंटना भ्रम जास्त होतो. कानातलं मशीन आणि चष्मा आधी लावा. मशीन उशाखाली राहिलेलं असतं आणि सगळे समजतात की आजोबांना कळत नाहीये. ते 'नंतर बघू' म्हणाले तर तिथेच थांबा. 'सगळे उपचार करा' म्हणाले तर तेही मानायचं. आपल्या वतीने कोणी बोलावं हे मात्र त्यांच्याच तोंडून येऊ द्या. थोरला मुलगा म्हणून आपोआप तोच, असं नको.

मेलबर्नमध्ये ऐंशी आणि त्यापुढच्या ३०९ पेशंटवर झालेला अभ्यास २०१० साली छापून आला. सहा महिन्यांत जे गेले, त्यांपैकी असं बोलणं झालेल्यांत ८६ टक्के जणांची इच्छा माहीत होती आणि पाळली गेली. बाकीच्यांत ३० टक्के. मागे राहिलेल्या नातेवाइकांचा मानसिक त्रासही कमी होता.

जे ठरेल ते केस पेपरवर आणि डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या, एक प्रत घरी ठेवा. त्याला कायद्याने किती वजन आहे आणि सह्या कोणाच्या लागतात, हे देशागणिक बदलतं. ते हॉस्पिटलातच विचारा. वडिलांना मत केव्हाही बदलता येतं, त्यामुळे पुन्हा अ‍ॅडमिट व्हावं लागलं तर जुना कागद दाखवाच, पण त्यांना परत एकदा विचारा.