स्टिकरवरचा पत्ता राउटरच्या पोटातही असतो

प्रश्न : जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं लिनक्सवर चालणारं मुक्त फर्मवेअर) बसवलं. त्याची डिव्हाइस ट्री फाइल, म्हणजे राउटरमध्ये कुठला भाग कुठे आहे हे लिनक्सला सांगणारी यादी, मीच लिहिली. बाकी सगळं चालतं, पण रीबूट केला की दर वेळी मॅक पत्ता (नेटवर्कवरची यंत्राची ओळख) बदलतो. केबलवाल्याने जुना पत्ता बांधून ठेवलाय, त्यामुळे नेटच येत नाही. स्टिकरवरचा पत्ता फाइलमध्ये टाइप करून टाकू का?
– एक विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर : नका टाकू. ती फाइल त्या मॉडेलच्या प्रत्येक राउटरसाठी असते. उद्या तुमच्या मित्राने तीच बसवली, की एका नेटवर्कवर दोन राउटर एकच पत्ता सांगत बसतील.

आत्ताचा पत्ता बघा. पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई निघेल. म्हणजे लिनक्सला खरा पत्ता सापडला नाही, म्हणून त्याने तात्पुरता बनवून घेतला. खरा पत्ता कारखान्यातच फ्लॅशमध्ये, म्हणजे राउटरच्या कायमच्या मेमरीत, लिहिलेला असतो; मीडियाटेक चिपवाल्यांत बहुधा ‘फॅक्टरी’ पार्टिशनमध्ये (मेमरीच्या त्या नावाच्या कप्प्यात), अॅथेरॉस चिपवाल्यांत ‘आर्ट’मध्ये.

त्या पार्टिशनची प्रत आधी पेनड्राइव्हवर घ्या. नवी पेठेतल्या माझ्या दुकानात मी एकदा घाईत फॅक्टरी पुसून बसलो. वायफायचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्या नगाच्या रेडिओची जुळणी, हीही तिथेच असते. राउटर जगला, पण वायफाय काउंटरच्या पुढे जाईना, आणि गिऱ्हाईक यंत्रमागवालं, त्याला शेडच्या त्या टोकाला सिग्नल हवा. नवा राउटर माझ्या खिशातून गेला.

मग त्या प्रतीच्या हेक्सडंपमध्ये (बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या यादीत) स्टिकरवरच्या पहिल्या तीन जोड्या शोधा. मीडियाटेकमध्ये वायफायचा पत्ता शून्यापासून मोजून चौथ्या बाइटला सुरू होतो. पत्ता ६ बाइटचा. काही कंपन्या मात्र कोलनसकट १७ अक्षरांत लिहितात, तिथे खालच्या सेलची लांबीही १७ द्या.

डिव्हाइस ट्रीमध्ये सापडलेल्या जागेला एनव्हीमेम सेल (कायमच्या मेमरीतला नाव दिलेला तुकडा) करा, तिच्या ‘कंपॅटिबल’ या ओळीत ‘मॅक-बेस’ लिहा आणि एनव्हीमेम-सेल-सेल्स १ ठेवा. आता प्रत्येक पोर्टच्या नोडमध्ये (फाइलमधल्या त्याच्या भागात) सेलच्या नावापुढे जो आकडा द्याल, तो मूळ पत्त्यात मिळवला जातो. शेवटची जोडी ४० असेल, तर १ दिल्यावर ४१. एफएफमध्ये (जोडीतल्या सर्वांत मोठ्या आकड्यात) १ मिळवला तर हातचा डावीकडच्या जोडीत जातो.

कोणाला ० आणि कोणाला १, हे मात्र अंदाजाने लिहू नका. कंपनीच्या मूळ फर्मवेअरमध्ये लॅन (घरातली बाजू), वॅन (केबलवाल्याकडची बाजू) आणि वायफायचे पत्ते दिसतात, त्यांतून मूळ पत्ता वजा करा. ते पुसलं असेल तर केबलवाल्याला फोन लावा. त्याने बांधलेला पत्ता तोच तुमचा वॅन. उचलला तर.