तळपायात काटा मोडला, मग गाठ जांघेत का आली?

तुम्ही विचारलंय की वावरात बाभळीचा काटा मोडला, तिसऱ्या दिवशी पू झाला आणि जांघेत अवधाण आलं, तर जंतू तिथवर चढले का? मी नागपुरात धंतोलीतल्या एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. पावसाळ्यात काटोल-सावनेरकडून अशा पायांची रक्तं बरीच येतात.

आधी पायाचं बघू. कातडीखाली मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, कायम मुक्कामाला असतात. बॅक्टेरियाच्या आवरणातले काही रेणू आपल्या शरीरात मुळीच नसतात, त्यावरून त्या परका ओळखतात, गिळायला लागतात आणि सायटोकाइन नावाची प्रथिनं सोडतात. पेशी एकमेकींना धाडतात तो निरोप हाच. त्याने जवळच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, पाझरतात, म्हणून लाली आणि सूज. वाहिनीची आतली बाजू चिकटही होते. रक्तातून धावणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तिथे अडखळतात, थोड्या गडगडतात, थांबतात आणि फटीतून अंग चोरून बाहेर पडतात. मग जंतू गिळायचे, मारायचे आणि तिथेच मरायचं. पुवात बहुतेक त्याच असतात.

परवा अशाच एका पायाच्या रक्ताची काच लीशमन रंग देऊन, तेलाचा थेंब टाकून शंभरच्या लेन्सखाली घेतली. एरवी शंभर पांढऱ्या पेशींत ४० ते ७० न्यूट्रोफिल दिसतात, इथे ८६. काहींचं केंद्रक तर घोड्याच्या नालेसारखं नुसतं वाकलेलं, तयार पेशीत असतात तसे खंड पडलेलेच नाहीत. म्हणजे मागणी इतकी की अस्थिमज्जेने कच्ची पोरंही धाडली! रिपोर्टात याची एक ओळ होते, पण मला काच बाजूला ठेववेना.

आता जांघ. कातडीतल्या डेंड्रिटिक नावाच्या पहारेकरी पेशी जंतूंचे तुकडे घेऊन लसिकावाहिन्यांतून, म्हणजे पेशींभोवतालचं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांतून, जांघेतल्या गाठींत जातात आणि तिथल्या टी पेशी या पांढऱ्या पेशींना दाखवतात. ज्या मोजक्या टी पेशींशी तो तुकडा जुळतो, त्या तिथेच थांबून वाढतात, बी पेशी या दुसऱ्या पांढऱ्या पेशींना अँटिबॉडी, म्हणजे जंतूला चिकटणारी प्रथिनं, करायला लावतात. गाठ फुगते ती मुख्यतः या गर्दीने. थोडे जंतूही वाहत येतात, पण बहुतेक तिथेच अडवले जातात. अँटिबॉडी पहिल्या खेपेला आठवडाभर घेतात, पण एकदा जंतूला चिकटल्या की मॅक्रोफेजना तो गिळणं सोपं जातं. टी पेशीही त्यांना उलट निरोप धाडून जास्त मारक करतात.

गंमत म्हणजे हे गिळणं मेचनिकॉव्ह या रशियन प्राणिशास्त्रज्ञाला १८८२ साली इटलीत मेसिनाला सुचलं तेही काट्यावरूनच. ताऱ्यामाशाच्या पारदर्शक अळीत त्याने गुलाबाचे काटे खुपसले, सकाळी बघतो तर भोवती पेशींचा गराडा. १९०८ चं नोबेल त्याला आणि अँटिबॉडीवर काम करणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञ एर्लिखला विभागून मिळालं.

तुमचा काटा पूर्ण निघालाय का? तुकडा आत असेल तर पेशींना तो गिळता येत नाही आणि पू होतच राहतो. घरी सुईने कोरू नका, डॉक्टरांना दाखवा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा. पायावर वर चढणारी लाल रेघ दिसली, थंडी वाजून ताप आला किंवा तुम्हाला शुगर असेल, तर आजच जा.