टॉवरची जागा ठरवताना : कसबा बावड्यातील कॉलनीच्या प्रश्नाला उत्तर

आपल्या कॉलनीसमोर मोबाईल टॉवरसाठी तीन जागा आहेत असे आपण लिहिले आहे : एका सभासदाच्या तीन मजली घराची गच्ची, कॉलनीची खुली जागा आणि नदीकडचे उसाचे रान. रेंज सर्वांना हवी आहे, परंतु टॉवर रानातच व्हावा असा बहुतेकांचा कल आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या कॉलनीत हाच वाद झाला होता आणि त्यात झालेल्या चुका मी जवळून पाहिल्या आहेत. माझे मत गच्चीच्या बाजूने आहे, मात्र काही अटींवर.

टॉवर लांब नेला की किरणोत्सर्ग टळतो, या समजुतीपोटी रानाची जागा पुढे येते. टॉवरकडून येणारी तीव्रता अंतर दुप्पट झाल्यावर साधारण चौथाईवर येते हे खरे. परंतु सिग्नल क्षीण असेल तेथे आपला मोबाईलच स्वतःची शक्ती वाढवून बोलू लागतो, आणि तो तर कानाला लावलेला असतो. शिवाय नव्या अपार्टमेंटांच्या आड गेलेल्या ज्या घरांना आज रेंज मिळत नाही, त्यांना रानातल्या टॉवरचा उपयोग होईलच असे नाही. सभेपूर्वी एकाच कंपनीचे कार्ड घालून घरोघरी फोरजी सिग्नलचे आकडे टिपून घ्यावेत. उणे 110 डीबीएमच्या (डीबीएम हे सिग्नलची ताकद मोजण्याचे एकक) खाली जाणारी, म्हणजे फार क्षीण सिग्नलची घरे नकाशावर मांडली, की टॉवर कोठे हवा याचा निम्मा वाद तेथेच मिटतो.

रानाबाबत दुसरी अडचण पंचगंगेच्या पुराची. राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी 43 फूट आहे आणि 2019 व 2021 या दोन्ही वर्षी पाणी तिच्या कितीतरी वर गेले होते. अशा वेळी वीज तोडली जाते, टॉवर बॅटरीवर आणि मग जनरेटरवर चालतो. ही यंत्रे जमिनीलगत असतील तर ती बुडतात, आणि उंच चौथऱ्यावर असली तरी पाण्यातून डिझेल घेऊन तेथवर जाणार कोण? रेंजची खरी निकड असते त्याच दिवसांत टॉवर मुका होतो.

खुल्या जागेविषयी थोडक्यात सांगतो : ती रेखांकनात सर्वांसाठी राखलेली असते, भाड्याच्या मोहाने तिला हात लावू नये.

आता गच्ची. आमच्याकडे टॉवरचे पाय कॉलमच्या माथ्यावर न घेता सरळ स्लॅबवर चौथरे ओतून उभे केले गेले. दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या खोलीच्या छताला पंख्याच्या हुकापासून भिंतीपर्यंत ओल आली आणि गिलाव्याचे पोपडे भाताच्या पातेल्यात पडू लागले. दुरुस्ती कोणी करायची हे करारात लिहिलेलेच नव्हते. भार लोखंडी तुळयांवरून कॉलमवरच उतरला पाहिजे. खासगी इमारतीसाठी कंपनीला आता स्थानिक संस्थेच्या परवानगीची गरज नसते, संरचना अभियंत्याच्या दाखल्यासह आगाऊ लेखी सूचना पुरते. त्यामुळे महापालिका सर्व तपासून घेईल या भरवशावर राहू नये आणि आपला अभियंता स्वतंत्रपणे नेमावा.

भीती बहुधा गच्चीखाली राहणाऱ्यांना वाटते. वास्तविक अँटेनाचा मुख्य झोत जवळजवळ आडवा, किंचित खाली झुकून पुढे जातो. म्हणून काळजी घ्यायची ती समोरच्या, त्याच उंचीवरच्या बाल्कनीची. दूरसंचार विभागाच्या जुन्या सूचनांत एका अँटेनासमोर 20 मीटर आणि दोन अँटेनांसमोर 35 मीटर अंतर सांगितले होते, आजही तो अंदाज उपयोगी पडतो. भारताने 1 सप्टेंबर 2012 पासून उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दशांशावर आणली. 900 मेगाहर्ट्‌झच्या लहरींसाठी ती दर चौरस मीटरला 0.45 वॅट होते. शंका उरल्यास दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' पोर्टलवर 4,000 रुपये शुल्क भरून मोजणी करून घेता येते. (टॉवर बसवून देतो म्हणून आपल्याकडेच पैसे मागणारा फोन आला, तर तो खुशाल ठेवून द्यावा.)

करारात गळतीची दुरुस्ती, नव्या अँटेनांसाठी पुन्हा लेखी संमती आणि जनरेटरची जागा या तीन बाबी नावानिशी लिहून घ्याव्यात. आमच्याकडे जनरेटरचा धूर दोन वर्षे शेजारच्या आजींच्या देवघराच्या खिडकीत जात होता, आणि धुराड्याचे तोंड फिरवायला मेकॅनिकला अर्धा तास पुरला.