दुकानातली आई

प्रिय पोरी,

मालिकेत पुन्हा नायिकेची आत्याच मिळाली म्हणून परवा फोनवर रडलीस. मी गप्प होते, कारण मला थेल्मा रिटर ही जुनी अमेरिकन नटी आठवत होती.

न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनची बाई. तरुणपणी नाटकं केली, मुलं झाल्यावर थांबली, मग रेडिओवर कामं करू लागली. सिनेमात आली १९४७ मध्ये, पंचेचाळिशीला टेकल्यावर. 'मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट'मध्ये, तेही श्रेयनामावलीत नाव नसताना. तेवढा प्रसंग बघ. मेसीज दुकानात मुलाला सांताक्लॉजकडे घेऊन आलेली आई. पोराला खेळण्यातला आगीचा बंब हवाय आणि तो गावात कुठेच मिळत नाहीये. ती पोराच्या मागून खुणा करतेय, कबूल करू नका म्हणून. सांता कबूल करून मोकळा! बाई भडकते, पण पोरासमोर आवाज चढवता येत नाही. दिवसभर दुकानं पालथी घातलेल्या पायांची कटकट तिच्या तोंडावर दिसते. बंब कुठे मिळेल ते सांता सांगतो, तर दुकान भलतंच, मेसीज नव्हेच! ती आधी चक्रावते. खूश होते नंतर.

पुढे सहा वेळा ऑस्करचं नामांकन, त्यातली चार तर लागोपाठच्या चार वर्षांत. मिळालं एकदाही नाही. लोक यावर हळहळतात. मला त्यात फारसा रस नाही. मला खटकतं ते वेगळंच. 'ऑल अबाउट ईव्ह'मधली तिची बर्डी, म्हणजे नायिकेची मदतनीस, गोड बोलून डाव साधणाऱ्या ईव्हला सगळ्यांच्या आधी ओळखते आणि निम्म्या वाटेत सिनेमातून नाहीशीच होते. लेखकाने असं केलं की नटाच्या हाती काही उरत नाही. तुझ्या बाबतीतही होईल.

पण १९५३ चा 'पिकअप ऑन साउथ स्ट्रीट' चुकवू नकोस. त्यातली मो टाय विकते, पोलिसांना खबरा विकते आणि स्वतःच्या थडग्यासाठी पैसे साठवते. बेवारशांच्या दफनभूमीत जायचं नाही, एवढाच तिचा हट्ट. शेवटी खोलीत पिस्तूलवाला येतो तेव्हा ती घाबरत नाही, दमलेली असते. थकवा असा खेळणारी दुसरी नटी मला आठवत नाही.

शनिवारी ये. तुझी आत्या दारातून आत येण्याआधी तासभर काय करत होती, ते सांग मला. नुसता चहाचा ट्रे घेऊन आलीस तर परत पाठवीन.

तुझी,
बाई