विंडोज १० चा जुना लॅपटॉप आणि रेडमी फोन: खासगीपणा जपणारं, मनासारखं बदलता येणारं सॉफ्टवेअर कसं निवडू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला सिडकोत घर, सातव्या पिढीचा आय-थ्री आणि ८ जीबी रॅमचा लॅपटॉप, त्यात जुनी हार्ड डिस्क आणि विंडोज १०. हातात रेडमी, घरात स्मार्ट टीव्ही. जाहिराती आणि पाळत कमी व्हावी, सगळं आपल्या सोयीनं मांडता यावं, पण यूपीआय, बँक आणि मुलीचा कॉलेजचा अभ्यास अडू नये.

माझं मत स्पष्ट आहे. लॅपटॉपची सिस्टीम, म्हणजे विंडोज, पूर्ण बदला. रोजच्या फोनची सिस्टीम बदलू नका, तिच्या आतली ॲप्स आणि सेटिंग्ज बदला. लॅपटॉपवर बँक ब्राउझरमधून चालते, खाली विंडोज आहे की लिनक्स (विंडोजऐवजी टाकता येणारी फुकट, खुली सिस्टीम) याच्याशी बँकेला सहसा देणंघेणं नसतं. फोनवर मात्र बँकेचं ॲप सिस्टीमची तपासणी करतं आणि मूळ सिस्टीम दिसली नाही तर बऱ्याचदा उघडायलाच नकार देतं. हा फरक ध्यानात न घेता लोक आधी फोनला हात घालतात, यूपीआय बंद पडतं आणि मग या विषयाचंच नाव काढत नाहीत.

लॅपटॉपपासून सुरुवात करू. विंडोज १० चा नेहमीचा सुरक्षा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वर्षभराची मुदतवाढ घ्यायची तर मायक्रोसॉफ्टचं खातं जोडावं लागतं, म्हणजे तुम्हाला जे नको तेच. सातव्या पिढीचा आय-थ्री विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. आडवाटेनं टाकता येतं, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी नाही. तुम्ही लिनक्स मिंट घ्या (नवख्याला सोपी पडणारी लिनक्स), त्यातली सिनॅमन आवृत्ती. ८ जीबी रॅमवर ती आरामात चालते. ४ जीबी असती तर एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती म्हटलं असतं. सध्याच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत.

आधी एक खर्च करा: २४० किंवा २५६ जीबीची, अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क. जुनी डिस्क फिरती असेल तर कुठलीही सिस्टीम टाका, लॅपटॉप रेंगाळणारच. एसएसडी बसवायचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. जुनी डिस्क विंडोजसकट जशीच्या तशी बाहेर निघते. तिला एक यूएसबी केसिंग घ्या आणि कपाटात ठेवा. काही अडलं तर स्क्रू काढून परत बसवली की सगळं पूर्ववत. एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स शेजारी बसवताना नवखा माणूस चुकीचं पार्टिशन (डिस्कचा भाग) पुसतो, तो धोकाच उरत नाही. बाजारात काम करून घेणार असाल तर दुकानदाराला आधीच सांगा, ‘जुनी डिस्क फॉरमॅट करू नका, मला परत द्या.’ आणि डिस्क काढण्याआधी विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का ते पाहा. असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवा. तिच्याशिवाय ती डिस्क पुढे केसिंगमध्ये उघडणार नाही.

मिंट इन्स्टॉल करायची आयएसओ फाइल साधारण ३ जीबीची येते. उतरवल्यावर संकेतस्थळावर दिलेल्या चेकसमशी (फाइल पूर्ण आहे का ते सांगणारा आकडा) ताडून पाहा. अर्धवट उतरलेली फाइल हे मधेच बंद पडणाऱ्या इन्स्टॉलचं नेहमीचं कारण. जुनी डिस्क काढण्याआधी, विंडोजमध्येच रूफस हे छोटं ॲप वापरून ती ८ जीबी किंवा मोठ्या पेनड्राइव्हवर लिहा, पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. लॅपटॉप चालू करताना एचपीला एफ ९, डेल आणि लेनोव्होला एफ १२, आसुसला एस्केप दाबून पेनड्राइव्ह निवडा. एसरमध्येही एफ १२ च, पण तो मेनू आधी बायॉसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये) चालू करावा लागतो.

पेनड्राइव्हवरून मिंट लगेच चालू होतं, डिस्कला हात न लावता. इथे घाई करू नका. वायफाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड तपासा, आणि झाकण लावून उघडल्यावर स्क्रीन परत येते का, ते पाहा. वायफाय दिसत नसेल तर बहुतेक ब्रॉडकॉम किंवा रिअलटेकची चिप असते. फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग करा (फोनचं नेट लॅपटॉपला द्या), मग मिंटमधला ड्रायव्हर मॅनेजर उघडा.

याच वेळी प्रिंटर जोडून एक पान छापून पाहा. लोक सगळ्यात जास्त अडकतात ते इथे. एप्सनचे टाकीवाले एल मालिकेतले प्रिंटर सहसा विनातक्रार चालतात. एचपी लेझरजेट १०२० ला एचपीलिपचं (एचपीचं लिनक्ससाठीचं प्रिंटर सॉफ्टवेअर) वेगळं प्लगइन लागतं, आणि एचपीलिप अपडेट झालं की प्लगइनही त्याच आवृत्तीचं घ्यावं लागतं. नाहीतर काल छापणारा प्रिंटर आज गप्प बसतो. आपल्याकडे कोपऱ्याकोपऱ्यावर दिसणारा कॅनन एलबीपी २९०० मात्र लिनक्सवर खरोखर त्रास देतो, त्याचा कॅप्ट ड्रायव्हर जुना झालाय. तो असेल तर प्रिंटिंगसाठी विंडोजचं एखादं मशीन ठेवा, त्याच्या मागे आठवडा घालवू नका.

इन्स्टॉल करताना मल्टिमीडिया कोडेकवर (गाणी-व्हिडिओ चालवणारे भाग) खूण करा आणि प्रगत पर्यायांत जाऊन एलव्हीएमसह एन्क्रिप्शन निवडा, म्हणजे पूर्ण डिस्क पासवर्डनं कुलूपबंद होते. लॅपटॉप बसमध्ये राहिला किंवा चोरीला गेला तर आतलं काही वाचता येत नाही. तो पासवर्ड विसरलात तर तुम्हालाही वाचता येत नाही आणि दुरुस्तीवाल्यालाही. कागदावर लिहून घरात ठेवा. पहिल्या दिवशी टाइमशिफ्ट चालू करा, म्हणजे एखादा अपडेट बिघडला तर मागच्या स्थितीला जाता येतं. पण टाइमशिफ्ट सिस्टीमची प्रत ठेवतं, तुमच्या होम फोल्डरची मूळ सेटिंगमध्ये ठेवत नाही. फोटो आणि मुलीचे प्रोजेक्ट सुरक्षित आहेत असं समजून लोक निर्धास्त राहतात. त्यांचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर वेगळा घ्या.

मराठी टायपिंगची सोय चांगली आहे. इनस्क्रिप्ट येत असेल तर कीबोर्डच्या लेआउटमध्ये मराठी इनस्क्रिप्ट जोडा, संपलं. रोमनमधून टाइप करायची सवय असेल तर आयबस-एम१७एन हे टायपिंगचं पॅकेज बसवा, इनपुट मेथडमध्ये आयबस निवडा आणि मराठीखाली आयट्रान्स, फोनेटिक किंवा गमभन घ्या. एकदा लॉगआउट करून परत या, तोवर यादीत दिसत नाही. सरकारी फाइली मंगल फॉन्टमध्ये असतात, तो मिंटमध्ये नसतो. त्यामुळे लिबरऑफिसमध्ये ओळी सरकतात आणि एका पानाचा अर्ज दीड पानाचा होतो. मजकूर बिघडलेला नसतो, फक्त मांडणी हलते. कुणाला पाठवायचं असेल तर पीडीएफ करून पाठवा.

काही कामं मात्र लिनक्सवर करायला जाऊ नका. टॅली, ऑटोकॅड, आणि जीएसटी किंवा टेंडरसाठी लागणारा डिजिटल सहीचा टोकन. टोकनचे लिनक्स ड्रायव्हर काही कंपन्या देतात, पण पोर्टलची सही करणारी साधनं बहुतांशी विंडोज धरूनच बनलेली असतात. श्रीलिपीतला जुना मजकूर असेल तर विंडोज हाताशी असतानाच युनिकोडमध्ये करून ठेवा.

मनासारखं बदलण्याबद्दल: सिनॅमनमध्ये पॅनेल वर-खाली, ॲप्लेट (पॅनेलवरची छोटी साधनं), खिडक्यांचे शॉर्टकट, सगळं राइट क्लिकनं किंवा सिस्टीम सेटिंग्जमधून बदलतं. याहून जास्त हौस असेल तर केडीई प्लाझ्मा हा दुसरा डेस्कटॉप बघा, तो फेडोरा केडीई किंवा कुबुंटू या लिनक्समध्ये मिळतो. त्यात हलवता येणार नाही अशी गोष्ट जवळपास नाही. पण आधी काही महिने मिंट वापरा आणि आपल्याला नक्की काय टोचतंय ते कळू द्या.

ब्राउझर फायरफॉक्स, त्यात युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन. क्रोमनं २०२५ मध्ये जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन बंद केली, त्यामुळे तिथे आता युब्लॉकची लाइट आवृत्तीच चालते आणि तिची ताकद कमी आहे. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये ट्रॅकिंगपासून संरक्षण ‘स्ट्रिक्ट’ करा आणि डेटा गोळा करण्याच्या सगळ्या खुणा काढा. महाडीबीटी किंवा सातबाऱ्याचं पान अर्धवट उघडलं तर पत्त्याशेजारची ढाल दाबून फक्त त्या साइटपुरतं संरक्षण बंद करा. सगळीकडचं बंद करू नका. यूपीआयच्या पेमेंट गेटवेवर तेच होतं, इलाजही तोच. पासवर्ड साठवायला बिटवॉर्डन घ्या, लॅपटॉप आणि फोन दोन्हीकडे चालतं. त्याच कामाचं कीपासएक्ससी मला तत्त्वानं जास्त आवडतं, कारण फाइल तुमच्याच मशीनवर राहते. पण दोन मशीनवर ती फाइल एकसारखी ठेवणं घरातल्या सगळ्यांना जमत नाही.

आता फोन. रेडमीत सेटिंग्ज, मग ‘पासवर्ड अँड सिक्युरिटी’, मग ‘ऑथरायझेशन अँड रिव्होकेशन’ इथे एमएसए नावाची नोंद आहे. फोनच्या स्वतःच्या ॲप्समध्ये जाहिराती आणते ती हीच. बंद करताना दहा सेकंद थांबावं लागतं आणि बऱ्याचदा पहिल्यांदा ‘जमलं नाही’ असा संदेश येतो. नेट चालू ठेवून पुन्हा दाबा, तीन-चार वेळा करावं लागलं तरी होतं. मग प्रायव्हसीतल्या जाहिरातींच्या विभागात जाऊन जाहिरात-ओळख पुसून टाका. परमिशन मॅनेजरमध्ये लोकेशन उघडा आणि ‘नेहमी’ असलेलं प्रत्येक ॲप ‘वापरत असतानाच’वर आणा. टॉर्चला, कीबोर्डला, कांद्याचे भाव दाखवणाऱ्या ॲपला तुमच्या जागेचं काहीच काम नाही.

फोनच्या सेटिंग्जमधल्या प्रायव्हेट डीएनएसमध्ये (साइटचा पत्ता शोधून देणारी सेवा) ‘डीएनएस डॉट ॲडगार्ड-डीएनएस डॉट कॉम’ हे इंग्रजीत टाका. बहुतेक ॲप्समधल्या जाहिराती आणि ट्रॅकर तिथेच अडतात. यूट्यूबच्या अडत नाहीत, त्या व्हिडिओच्याच सर्व्हरवरून येतात. स्टेशन किंवा हॉटेलच्या वायफायवर लॉगिनचं पान कधी कधी उघडत नाही. तेवढ्यापुरतं ‘ऑटोमॅटिक’ करा.

नको असलेली कंपनीची ॲप्स काढायला युनिव्हर्सल अँड्रॉइड डिब्लोटर, पुढच्या पिढीचं, लॅपटॉपवर घ्या आणि फोनवर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये यूएसबी डिबगिंग (लॅपटॉपवरून फोनला आदेश देण्याची सोय) चालू करा. ॲप फक्त तुमच्या वापरापुरतं निघतं, मूळ प्रत सिस्टीममध्ये राहते, म्हणून फॅक्टरी रीसेट केला की सगळी परत येतात. ‘रेकमेंडेड’ यादीतलीच ॲप्स काढा, एकदम पाच-सहाच, मग फोन रीस्टार्ट करून पाहा. शाओमीचं सिक्युरिटी ॲप आणि ‘फाइंड डिव्हाइस’ यांना अजिबात हात लावू नका. ती काढली की फोन लोगोवरच फिरत राहतो आणि सगळं पुसूनच चालू होतो. काम झाल्यावर डेव्हलपर ऑप्शन्स बंद करा, काही बँकांची ॲप्स ते चालू दिसलं तरी अडतात.

एफ-ड्रॉइड या खुल्या ॲप्सच्या दुकानावरून हेलीबोर्ड कीबोर्ड घ्या. तो नेटची परवानगीच मागत नाही, म्हणजे टाइप केलेलं बाहेर जायला वाट नाही. जीबोर्डइतके अचूक शब्द सुचवत नाही, हे मान्य करून घ्या. ऑरगॅनिक मॅप्स या नेटशिवाय चालणाऱ्या नकाशा ॲपमध्ये महाराष्ट्राचा नकाशा उतरवून ठेवा. पंचवटीतल्या गल्ल्यांत किंवा २०२७ च्या सिंहस्थात नेटवर्क कोलमडलं तरी रस्ता दिसेल. आपल्याकडचे घर क्रमांक त्यात क्वचितच मिळतात, ट्रॅफिक मिळत नाही. लॉगिनचे ओटीपी कोड तयार करायला एजिस ॲप. व्हॉट्सॲप सोडा असं मी म्हणणार नाही, सोसायटी, शाळा सगळं तिथेच आहे. पण चॅट बॅकअपमध्ये जाऊन एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप चालू करा. एरवी संदेश कुलूपबंद असले तरी त्यांची क्लाउडवरची प्रत तशी नसते.

लिनिएजओएस (फोनची मूळ सिस्टीम काढून टाकता येणारी खुली अँड्रॉइड) टाकायचंच असेल तर घरात पडून असलेल्या जुन्या फोनवर. शाओमीत बूटलोडर (नवी सिस्टीम टाकू न देणारं फोनचं कुलूप) उघडायला सहसा १६८ तासांची वाट पाहावी लागते आणि उघडताना सगळा डेटा पुसला जातो. लिनिएजओएसच्या यादीत फोनचं नाव नव्हे, तर कोडनेम (कंपनीचं आतलं नाव) जुळवा. एकाच नावाच्या दोन रेडमींची कोडनेम वेगळी असतात आणि चुकीची फाइल टाकली की फोन निकामी होऊ शकतो. पुढचा फोन घेताना ग्राफीनओएसचा (सुरक्षेवर भर देणारी खुली अँड्रॉइड) विचार असेल तर गूगलचा पिक्सेल लागेल. सेकंड हँड पिक्सेल बघताना दुकानातच नेट जोडून, डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘ओईएम अनलॉकिंग’ (बूटलोडर उघडू देणारा पर्याय) चालू होतं का ते तपासा. अमेरिकेतल्या काही कंपन्यांचे लॉक असलेले फोन इथे येतात, त्यांत तो पर्याय राखाडी राहतो आणि कधीच उघडत नाही. पैसे देण्याआधी हे करा, नंतर उपाय नाही.

व्हीपीएन, म्हणजे तुमचं नेट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा, तुम्हाला नको. फुकटचा तर नकोच, त्याचा धंदाच तुमच्या माहितीवर चालण्याची शक्यता मोठी. बँकेची साइट आधीच कूटबद्ध असते आणि व्हीपीएन घेतला तर इंटरनेट कंपनीऐवजी दुसऱ्या कुणावर विश्वास टाकावा लागतो, एवढंच.

टीव्हीत सॅमसंग असेल तर ‘व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस’ आणि एलजी असेल तर ‘लाइव्ह प्लस’ बंद करा. स्क्रीनवर काय चाललंय ते ओळखून कळवणारी सोय ती. गूगल टीव्ही असेल तर रीसेट करून सुरुवातीला ‘बेसिक टीव्ही’ निवडा, खातं न जोडता एचडीएमआय आणि सेट-टॉप बॉक्स चालतो. मग मिंटचा लॅपटॉप एचडीएमआय केबलनं जोडून फायरफॉक्समध्येच व्हिडिओ पाहा.