आयुष्यभर खड्यांचा अभ्यास करून माणूस नेमकं करतो काय?

तुमचा प्रश्न असा आहे: मुलगी एम.एस्सी. फिजिक्सला आहे, पुढे क्रिस्टलोग्राफीत, म्हणजे स्फटिकांच्या रचनेच्या अभ्यासात, पीएच.डी. करायची म्हणते. आयुष्यभर खड्यांचा अभ्यास करून माणूस करतो काय, आणि लग्न-संसार त्यात बसतो का?

‘खडे’ वाचून हसू आलं. आमच्या आईचाही हाच शब्द होता. १९७९ साली मी एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मोरचुदाचे स्फटिक वाढवत होते. काचेच्या भांड्यात संपृक्त द्रावण, वर आडवी पेन्सिल, तिला बांधलेला दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा निळा कण. रोज सकाळी वाकून बघायचं, भांड्याला धक्का लावायचा नाही. मग सूक्ष्मदर्शकाखाली अर्ध्या मिलिमीटरहून लहान, बिनतड्याचा स्फटिक निवडायचा आणि काचेच्या केसाएवढ्या तंतूच्या टोकाला डिंकाच्या थेंबावर चिकटवायचा. माझे पहिले दोन शिंकेने उडाले. तिसरा टिकला. त्यावर कित्येक तास क्ष-किरण सोडले आणि डार्करूममध्ये फिल्म धुतली, तेव्हा ओल्या फिल्मवर काळ्या ठिपक्यांच्या रांगा उमटल्या. खरं काम तिथून पुढे. प्रत्येक ठिपक्याचा काळेपणा एका पट्टीशी डोळ्यांनी ताडायचा, आकडा वहीत लिहायचा आणि हिशेब करत बसायचं. खडा महिन्याभराचा, हिशेब आठ महिन्यांचा.

ठिपके कुठे पडले यावरून अणूंच्या रचनेतली अंतरं कळतात, किती काळे पडले यावरून अणू कुठे बसलेत ते कळतं. त्यात मोरचूद म्हणजे ट्रायक्लिनिक. विश्वकोशात याला त्रिनताक्ष म्हणतात: तिन्ही अक्ष एकमेकांना तिरके, काटकोन कुठेच नाही. मी रडकुंडीला आले होते. तेव्हा सरांनी सांगितलं, एका बाईने पहिला मोठा डाव असल्याच स्फटिकावर मांडला होता, आणि तेही कॅल्क्युलेटर नसताना.

ती कॅथलीन लॉन्सडेल, माहेरची यार्डली. जन्म १९०३, आयर्लंडमधलं न्यूब्रिज, पोस्टमास्तरांचं दहावं अपत्य. कुटुंब इंग्लंडला आलं. मुलींच्या शाळेत फिजिक्स-केमिस्ट्री नव्हतं म्हणून त्या विषयांना ती मुलांच्या शाळेत जाऊन बसायची. सोळाव्या वर्षी लंडनच्या बेडफर्ड कॉलेजात. १९२२ च्या पदवी परीक्षेत पहिली आली, तेव्हा परीक्षकांत विल्यम हेन्री ब्रॅग होते, नोबेल मिळालेले. त्यांनी वर्षाला १८० पौंडांवर तिला आपल्याकडे संशोधनाला घेतलं.

१९२७ मध्ये लग्न झालं आणि नवऱ्याच्या नोकरीमुळे ती लीड्सला गेली. विज्ञान सोडून घर सांभाळावं, असं तिच्याच मनात आलं होतं. नवरा थॉमस म्हणाला, फुकटची मोलकरीण मिळावी म्हणून मी लग्न केलेलं नाही. (आमच्याकडे १९७९ मध्येही असं म्हणणारा नवरा मी पाहिला नव्हता.)

लीड्समध्ये तिने हेक्झामिथाइलबेंझीन घेतलं, म्हणजे बेंझीनच्या कड्याला सहा मिथाइल गट जोडलेला पदार्थ. जर्मन रसायनशास्त्रज्ञ केकुलेने बेंझीनचं सहा कार्बनांचं कडं सुचवून साठ वर्षं उलटली होती, पण ते सपाट आहे की हिऱ्यातल्यासारखं वरखाली मुडपलेलं, हे कुणी दाखवलं नव्हतं. खुद्द ब्रॅगचा कल मुडपलेल्याकडे होता. हा स्फटिक ट्रायक्लिनिक, म्हणजे हिशेबाला वाईट. पण त्याच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान घरात एकच रेणू बसतो, त्यामुळे सगळे रेणू एकाच दिशेला तोंड करून असतात. ते तिने हेरलं आणि १९२९ मध्ये दाखवून दिलं की कडं सपाट आहे. त्याच वर्षी तिला पहिली मुलगी झाली. १९३१ आणि १९३४ मध्ये आणखी दोन मुलं.

तुमच्या संसाराच्या प्रश्नाचं उत्तर त्या पुढच्या वर्षांत आहे. कुटुंब लंडनला परतलं तेव्हा ब्रॅगनी तिच्या घरी कामाला बाई ठेवता यावी म्हणून पैशांची सोय केली. प्रयोगशाळेत क्ष-किरणांचं यंत्र मोकळं नव्हतं, एक जुना अवजड विद्युतचुंबक पडून होता. तिने तोच कामाला लावला आणि स्फटिकांचं चुंबकत्व मोजायला घेतलं. हे काम आपले भौतिकशास्त्रज्ञ के. एस. कृष्णन कलकत्त्यात करत होते. १९३६ चा एक निबंध दोघांच्या नावावर आहे. (हिऱ्यांवरून मात्र पुढे तिचं आणि सी. व्ही. रामन यांचं चांगलंच वाजलं. फिल्मवरचे जादाचे पुसट ठिपके काय सांगतात, हा वाद. अणूंच्या उष्णतेच्या थरथरीचं जे स्पष्टीकरण ती देत होती, तेच टिकलं.)

लोक बेंझीनचं नाव घेतात. माझ्या मते तिचं मोठं काम कोष्टकांचं. स्फटिकात अणू रचण्याचे सममितीचे प्रकार २३०. प्रत्येकासाठी लागणारी सूत्रं तिने लहान मुलं घरात असताना मांडली. १९३६ मध्ये छापलेलं ते पुस्तक तिच्याच हस्ताक्षरात आहे. पुढे आंतरराष्ट्रीय कोष्टकांचे जाड खंडही तिच्याच संपादनाखाली निघाले. मोरचुदाच्या हिशेबात मी त्यांची पानं इतकी उलटली की कोपरे दुमडून मऊ झाले होते.

बाई क्वेकर या ख्रिस्ती पंथाची, युद्धाच्या पूर्ण विरोधात. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांमुळे लागणाऱ्या आगीच्या पहाऱ्यासाठी नाव नोंदवायला तिने नकार दिला. लहान मुलं असल्यामुळे तिला सूट मिळालीच असती, पण नोंदणीच मान्य नव्हती. २ पौंड दंड झाला, तोही भरला नाही. १९४३ मध्ये एक महिना हॉलोवे तुरुंगात. दोन वर्षांनी, १९४५ मध्ये, रॉयल सोसायटीने प्रथमच दोन स्त्रियांना फेलो केलं. त्यातली एक ही.

आता कटू भाग. एवढं सगळं होऊनही तिची बरीच वर्षं शिष्यवृत्त्या आणि अनुदानांवर गेली. विद्यापीठातली जागा मिळाली १९४६ मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी. प्राध्यापकपद १९४९ मध्ये. तुमच्या मुलीचीही काही वर्षं फेलोशिपवर जातील, ते धरून चाला. हिशेब मात्र आता संगणक करतो, माझे आठ महिने दुपारच्या चहापर्यंत उरकतात. औषध कंपन्यांना ही माणसं लागतात: तेच औषध दोन प्रकारे स्फटिकतं आणि एक प्रकार दुसऱ्यापेक्षा वेगळ्या वेगाने विरघळतो, हे कुणीतरी बघावं लागतं. घरात आधी एवढंच ठरवा की मुलं झाल्यावर त्यांना कोण बघणार. ब्रॅगनी तेच सोडवलं होतं.

आणि हो, तुमचा शब्द अगदीच चुकीचा नाही. साठच्या दशकात लॉन्सडेलबाईंनी आपल्या सहकारी जून सूटर यांच्याबरोबर मूत्राशयातले आणि मूत्रपिंडातले खडे गोळा करून क्ष-किरणांखाली धरले. ऑक्झलेट कुठलं, फॉस्फेट कुठलं, युरिक आम्ल कुठलं, थरावर थर कसे चढत गेले, हे त्या बघत होत्या. तेही स्फटिकच.