‘अ‍ॅज इज’च्या शिक्क्याला घाबरू नका

प्रश्न: मी न्यू जर्सीत राहतो. तीन वर्षं सात महिन्यांपूर्वी इथल्याच एका डीलरकडून १९०५च्या बेसबॉल वर्ल्ड सिरीजचा प्रोग्राम (सामन्याची, स्कोअर भरायला पान असलेली छापील पुस्तिका) ६,००० डॉलरला घेतला. बिलावर ‘पोलो ग्राउंड्स, अस्सल, पेन्सिलने स्कोअर भरलेला’ असं लिहिलंय (पोलो ग्राउंड्स हे न्यूयॉर्कमधलं सामन्याचं मैदान). खाली ‘अ‍ॅज इज, विक्री अंतिम’ (वस्तू आहे त्या स्थितीत, परत घेणार नाही) असा शिक्का. गेल्या महिन्यात तपासून घेतला तर रीप्रिंट निघाला. फोनवर भांडलो, तर डीलर शिक्का दाखवतो. दुसऱ्याला विकून मोकळा होऊ का?

उत्तर: अजिबात नको. आतापर्यंत तुम्ही फसलेले होतात. माहीत असून ‘अस्सल’ म्हणून विकलात तर फसवणारे तुम्ही ठराल.

शिक्क्याने गृहीत धरलेल्या हमी जातात, लिहून दिलेली नाही. बिलावरचं वर्णन ही यूसीसीच्या (अमेरिकेतला वस्तूविक्रीचा कायदा, युनिफॉर्म कमर्शियल कोड) कलम २-३१३ प्रमाणे हमीच आहे, आणि एका हाताने ती देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणं कलम २-३१६ चालू देत नाही. कोपरा फाटका निघाला म्हणून तक्रार असती, तर गोष्ट वेगळी.

तुम्ही पाठवलेला भिंगाखालचा फोटो बोलका आहे. पेन्सिलच्या रेघासुद्धा बारीक ठिपक्यांच्या! शिसपेन्सिल कागदावर चमक सोडते, ठिपके नाही; ठिपके छपाईचे. जायंट्स-अ‍ॅथलेटिक्स (त्या सिरीजमधले दोन संघ) सामन्याला गेलेल्या कुणीतरी भरलेला स्कोअर पानासकट छापून काढलाय. तपासनिसाकडून हे सहीनिशी लिहून घ्या. (निदान १९०४चा तरी गळ्यात मारला नाही. त्या वर्षी जायंट्सनी नकार दिल्याने सिरीज झालीच नव्हती!)

मला काळजी तारखेची आहे. हमीच्या दाव्याची चार वर्षं खोटेपणा कळल्यापासून नव्हे, वस्तू हातात पडल्यापासून मोजतात. म्हणजे उरले पाच महिने. शिवाय दोष कळल्यावर वाजवी वेळेत विक्रेत्याला कळवलं नाही, तर कलम २-६०७ खाली दावाच बुडतो. फोनवर भांडलात, पण ते सिद्ध कसं करणार? याच आठवड्यात सर्टिफाइड मेलने (पाठवल्याची नोंद राहणाऱ्या टपालाने) पत्र पाठवा.

स्मॉल क्लेम्सची (छोट्या दाव्यांच्या कोर्टाची) मर्यादा ५,००० डॉलर, तेव्हा स्पेशल सिव्हिल पार्ट या त्याहून मोठ्या दाव्यांच्या कोर्ट-विभागात जावं लागेल. तिथे २०,००० पर्यंत चालतं. सोबत न्यू जर्सीच्या कंझ्युमर फ्रॉड अ‍ॅक्टखालीही मागा. त्यात नुकसानीच्या तिप्पट भरपाई आहे, आणि विधान खोटं असलं की पुरे, डीलरचा हेतू सिद्ध करावा लागत नाही. या कायद्याची मुदत सहा वर्षं आहे, पण त्या भरवशावर बसू नका.

आणि प्रोग्राम डीलरला ‘जरा बघतो’ म्हणाला तरी देऊ नका. पुरावा तोच आहे.